अंगठ्याला डोळे असतात

दुचाकी चालवणाऱ्याच्या हातांची हजेरी घेतली तर एकही हात रिकामा सापडत नाही. उजव्या मुठीत ॲक्सिलरेटर, त्याच हाताच्या बोटांपुढे पुढचा ब्रेक. डाव्या हाताला मोटरसायकलवर क्लच, स्कूटरवर ब्रेक. अंगठ्याकडे इंडिकेटर, हॉर्न आणि डिपर. मोटरसायकलवर पायही कामाला जुंपलेले, डावा गिअरला, उजवा मागच्या ब्रेकला. आणि या सगळ्यांच्या वर एक काम असं, जे मोटारवाल्याला कधीच करावं लागत नाही: गाडी उभी ठेवणं. चार चाकांची गाडी आपली आपण उभी असते. दोन चाकांची गाडी नाकासमोर चाललेली दिसते तेव्हाही चालवणारा हँडल किंचित डावीकडे, किंचित उजवीकडे करत तिचा तोल सावरत असतो. हे इतकं अंगवळणी पडतं की आपण काही करतोय याचाच विसर पडतो.

अशा माणसाच्या पुढ्यात गेल्या काही वर्षांत एक चकाकती काच आली. कुणाच्या हँडलवर फोनचा स्टँड असतो, कुणाच्या गाडीलाच कंपनीने टचस्क्रीन दिलेला असतो. बेंगळुरूच्या एथरने २०१८ साली आपल्या ४५० या स्कूटरवर सात इंची टचस्क्रीन दिला, तेव्हा बघायला लोक गोळा व्हायचे. २०२१ मध्ये आलेल्या ओलाच्या एस-१ प्रोवरही सात इंचीच. बाकीच्या कोट्यवधी गाड्यांवर स्क्रीन नाही, पण चालवणाऱ्याच्या खिशात आहे, आणि खिशातला हातात यायला सिग्नलसुद्धा लागत नाही.

आता त्या काचेला हात लावायचा तर कुठला? उजवा काढला की ॲक्सिलरेटर सुटतो आणि गाडी मंदावते, म्हणून बहुतेक वेळा डावाच निघतो. स्कूटरवर डावा हात म्हणजे ब्रेकचा हात. आपल्याकडे १ एप्रिल २०१९ पासून १२५ सीसीपर्यंतच्या नव्या दुचाकींना सीबीएस किंवा एबीएस सक्तीचं झालं. सीबीएस म्हणजे एक लिव्हर दाबली की दोन्ही चाकांना ब्रेक लागतो ती जोडणी. स्कूटरवर ही जोडणी सहसा डाव्या लिव्हरला असते. सरकारने नियम करून आणि ग्राहकाने पैसे मोजून जी सोय गाडीत आली ती डाव्या हाताच्या बोटांवर अवलंबून आहे, आणि तीच बोटं 'पाच मिनिटांत पोचतो' टाइप करण्यात गुंतलेली. उरतो उजव्या हाताचा पुढचा ब्रेक. ओल्या रस्त्यावर, दचकून, हँडल जरासं वळलेलं असताना तो एकटाच करकचून दाबला की पुढचं चाक सरकतं, आणि पुढचं चाक सरकल्यावर सावरायला वेळ मिळत नाही.

खड्ड्याचंही तेच. पुढचं चाक खड्ड्यात आदळलं की हँडल झटक्याने एका बाजूला फिरू पाहतं. दोन्ही हात मुठींवर असतील तर एक हात ढकलतो, दुसरा ओढतो आणि हँडल जागेवर राहतं. एकच हात असेल तर सगळा झटका त्याच्यावर येतो. तो हात ॲक्सिलरेटरचा असल्यामुळे सावरण्यासाठी मूठ घट्ट आवळली जाते, मनगट खाली जातं आणि गाडी हळू होण्याऐवजी पुढे उसळते. पावसाळ्यात गल्लीबोळांतून हे रोज घडतं. लोक उठतात, कपडे झटकतात आणि खड्ड्याला शिव्या देतात. खड्डा दोषी असतोच. डाव्या हातात काय होतं हे मात्र कुणी सांगत नाही.

हाताइतकीच ओढाताण डोळ्यांची होते. तिथे वेळेचा हिशेब मांडावा लागतो, आणि त्यासाठी एका जुन्या अहवालाकडे जायला हवं. अमेरिकेत हॅरी हर्ट या संशोधकाने सदर्न कॅलिफोर्निया विद्यापीठातून लॉस एंजेलिस परिसरातल्या ९०० मोटरसायकल अपघातांचा अभ्यास केला. त्याची माणसं अपघाताच्या जागी जाऊन टायरच्या खुणा मोजत, हेल्मेटं तपासत, जखमींशी बोलत. १९८१ साली आलेला हा 'हर्ट रिपोर्ट' आजही या विषयात आधाराला घेतला जातो. त्यातला एक निष्कर्ष असा, की धोका निर्माण झाल्यापासून धडक बसेपर्यंत मोटरसायकलवाल्याच्या हाती सर्वसाधारणपणे दोन सेकंदांहूनही कमी वेळ असतो. समोरच्या मोटारीने अचानक वळण घेतलं, ते दिसलं, धोका उमगला, ब्रेक लावला किंवा गाडी बाजूला काढली, हे सगळं तेवढ्या वेळात.

याच्या शेजारी दुसरा आकडा ठेवू. अमेरिकेच्या महामार्ग वाहतूक सुरक्षा प्रशासनाने २०१३ मध्ये मोटारींतल्या स्क्रीनसाठी मार्गदर्शक सूचना काढल्या. स्क्रीनवरचं कुठलंही काम एका वेळी दोन सेकंदांपेक्षा जास्त नजर न वळवता, आणि एकूण बारा सेकंदांच्या आत उरकता आलं पाहिजे, अशी मर्यादा त्यांनी घातली. मोटारीला ती चालू शकते. दुचाकीवर तेच दोन सेकंद उचलून आणले तर हर्टच्या हिशेबाप्रमाणे सगळा अपघात त्या एका नजरेत मावतो. मान वर होईपर्यंत जे व्हायचं ते होऊन गेलेलं असतं. ताशी ४० किलोमीटरने दोन सेकंदांत गाडी २२ मीटर जाते, ६० ने ३३ मीटर. क्रिकेटची खेळपट्टी २० मीटरची असते. शहरातल्या रहदारीत आपल्या पुढे एवढी मोकळी जागा शेवटची कधी दिसली होती, ते ज्याने त्याने आठवून बघावं.

'मी मान खाली घालत नाही, फक्त डोळा टाकतो' असं म्हणणारे पुष्कळ भेटतात. डोळ्याची रचना त्यांच्या बाजूने नाही. हात पुढे लांब करून अंगठा उभा धरा. अंगठ्याच्या रुंदीएवढा भाग, म्हणजे साधारण दोन अंशांचा कोन, एवढाच आपल्याला खऱ्या अर्थाने स्पष्ट दिसतो. बाकीचं दृश्य धूसर असतं. डोळा सतत इकडेतिकडे उड्या मारून चित्र जुळवत असतो, म्हणून ते धूसर आहे हे कळत नाही. नजर स्क्रीनवर गेली की स्पष्ट दिसणारा तेवढा भाग रस्त्यावरून उठतो. शिवाय लांबच्या रस्त्यावरून हातभर अंतरावरच्या अक्षरांवर येताना भिंगाला नव्याने जुळवून घ्यावं लागतं, आणि परत जाताना पुन्हा. चाळिशी लागलेल्याला हे जास्त जड जातं. त्यात हेल्मेटची काच ओरखडलेली, वर दुपारचं ऊन, स्क्रीनवर स्वतःच्याच शर्टाचं प्रतिबिंब. पोलराइज्ड गॉगल घातला असेल तर काही स्क्रीन विशिष्ट कोनातून चक्क काळे दिसतात.

दुचाकीवाल्याला रस्ता वाचावाही लागतो मोटारवाल्यापेक्षा बारकाईने. मोटारवाला बघतो ती पुढची गाडी. दुचाकीवाल्याला पुढच्या गाडीबरोबरच वळणावर सांडलेली वाळू, रंग न मारलेला स्पीडब्रेकर, उचकटलेला पेव्हर ब्लॉक, गुळगुळीत झालेलं गटाराचं झाकण, टँकरमधून गळलेलं डिझेल, हे सगळं टिपायचं असतं. मोटारीला यातल्या बहुतेक गोष्टींनी दणका बसतो. दुचाकी आडवी होते.

डोळा मुळात स्क्रीनकडे का जातो, याचं उत्तर पडद्याच्या आत आहे. आजच्या फोनचा पडदा विजेच्या धारणक्षमतेवर चालतो. काचेखाली इंडियम टिन ऑक्साइड किंवा तशाच पारदर्शक वाहक पदार्थाच्या उभ्या-आडव्या रेघांची जाळी असते. आपलं बोट वीजवाहक असल्यामुळे ते काचेजवळ आलं की त्या ठिकाणचा विद्युतभार किंचित बदलतो आणि बोट कुठे टेकलं हे यंत्राला कळतं. ही कल्पना इंग्लंडमधल्या माल्व्हर्नच्या रॉयल रडार एस्टॅब्लिशमेंटमधल्या ई. ए. जॉन्सनने १९६५ मध्ये मांडली, तीही हवाई वाहतूक नियंत्रणासाठी. म्हणजे खुर्चीत स्थिर बसलेल्या, कोरड्या हातांच्या, त्या पडद्याकडेच बघणं हे ज्याचं काम आहे अशा माणसासाठी. मोटरसायकलवर यातली एकही अट पाळली जात नाही. चामड्याचा हातमोजा वीज वाहत नाही, म्हणून पडदा त्याला ओळखत नाही. बोटांच्या टोकांना वाहक धागा विणलेले मोजे मिळतात, पण त्यांचं जाड टोक हवं ते अक्षर सोडून शेजारच्यावर पडतं. पावसाचं पाणीही वीज वाहतं, त्यामुळे थेंबांनी भरलेला पडदा एकतर आपोआप उघडमीट करतो किंवा बोटालाही दाद देत नाही. जुलैत ताम्हिणी घाटात नकाशा मोठा करायचा प्रयत्न केलेल्यांना हे वेगळं सांगायला नको.

फोनलाही हे मानवत नाही. सप्टेंबर २०२१ मध्ये ॲपलने जाहीर इशारा दिला, की मोठ्या मोटरसायकलींच्या इंजिनची कंपनं हँडलमार्गे फोनला बसत राहिली तर कॅमेऱ्याचं काम बिघडू शकतं. चित्र हलू नये म्हणून कॅमेऱ्याचं भिंग बारीक हालचाली करत स्वतःला सावरत असतं, ती यंत्रणा सततच्या थरथराटाने खराब होते. स्कूटर-मोपेडसारख्या छोट्या गाड्यांसाठीही कंपनं शोषणारी बैठक वापरा, असं त्यात म्हटलं होतं. हजारो रुपयांचा कॅमेरा वाचावा म्हणून तरी लोक हँडलवरून फोन काढतील असं वाटलं होतं. काढले नाहीत.

पण टचस्क्रीनचा खरा दोष पावसातही नाही आणि मोज्यातही नाही. तो आहे त्याच्या गुळगुळीतपणात, आणि हा दोष विमानांच्या जगाने १९४० च्या दशकातच ओळखला होता. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेची बी-१७ बॉम्बफेकी विमानं सुखरूप उतरून धावपट्टीवर येत आणि तिथे पोटावर बसत. वैमानिकाला पंखांचे फ्लॅप वर घ्यायचे असत. तो त्याऐवजी चाकंच आत घेई. नोंद व्हायची 'वैमानिकाची चूक'. आल्फॉन्स चापानिस हा तरुण मानसशास्त्रज्ञ हवाई दलात होता. त्याने कॉकपिटमध्ये जाऊन पाहिलं तर चाकांचा आणि फ्लॅपचा खटका शेजारी शेजारी आणि दिसायला जवळजवळ सारखा. चापानिसने चाकांच्या खटक्याला रबराचं छोटं चाक चिकटवलं आणि फ्लॅपच्या खटक्याला पाचरीसारखा तुकडा. आता न बघता, नुसत्या स्पर्शाने, हातात काय आलं ते कळू लागलं. प्रवासी विमानांत चाकांचा दांडा आजही टोकाला चाकासारखाच असतो.

तुमच्या गाडीच्या डाव्या मुठीपाशी हाच विचार बसवलेला आहे. इंडिकेटर डावी-उजवीकडे सरकतो आणि मधोमध दाबला की बंद होतो. हॉर्न गोल आणि दबणारा. डिपर वर-खाली. तिघांचा आकार वेगळा, हालचाल वेगळी, जागा ठरलेली, म्हणून रात्री, पावसात, जाड मोजा घालूनही अंगठा चुकत नाही. त्याला बघावं लागत नाही. काचेवर मात्र प्रत्येक बटण सारखंच गुळगुळीत, आणि ते आज इथे, ॲप अपडेट झाल्यावर दुसरीकडे. अंगठा तिथे आंधळा होतो आणि त्याचं काम डोळ्याला करावं लागतं. माझं म्हणणं एवढंच आहे, की दुचाकीवर टचस्क्रीन नीट वापरायची शिस्त नावाची गोष्ट असू शकत नाही. शिस्त कितीही असली तरी काचेवरचं बटण डोळ्याशिवाय सापडत नाही, आणि डोळा उसना द्यायला दुचाकीवाल्याकडे नसतो.

ज्यांच्याकडे दुचाकीवाल्यापेक्षा बरीच जास्त सवड असते त्यांनाही हे महागात पडलं आहे. अमेरिकी नौदलाची 'जॉन एस. मॅकेन' ही विनाशिका २१ ऑगस्ट २०१७ च्या पहाटे सिंगापूरजवळ एका तेलवाहू जहाजावर आदळली आणि दहा नौसैनिक मरण पावले. सुकाणू आणि इंजिनचा वेग टचस्क्रीनवरून चालवला जात होता, आणि कुठल्या पडद्यावर कशाचा ताबा आहे याचाच घोळ झाला. दोन वर्षांनी नौदलाने वेगाचे जुने, हाताने सरकवायचे दांडे परत आणायचं ठरवलं. स्वीडनमधल्या 'व्ही बिलॅगारे' या मोटारविषयक मासिकाने २०२२ मध्ये ताशी ११० किलोमीटर वेगाने एक चाचणी घेतली. रेडिओ लावणं, एसी कमी-जास्त करणं अशी नेहमीची कामं बटणांच्या २००५ सालच्या जुन्या व्होल्व्होत १० सेकंदांत झाली. पडद्यावर चालणाऱ्या एका नव्या गाडीत ४४ सेकंदांहून जास्त लागले. युरोपातल्या मोटारींना सुरक्षेचे तारे देणाऱ्या युरो एनकॅपने तर २०२६ पासूनच्या निकषांत इंडिकेटर, हॉर्न, वायपर अशा मोजक्या गोष्टींसाठी खऱ्या बटणांना गुण ठेवले आहेत. मोटारवाले बटणांकडे वळत असताना स्कूटरवाले पडदे मोठे करत आहेत, याला काय म्हणावं!

मोटरसायकल बनवणाऱ्यांपैकी काहींना हे उमगलेलं दिसतं. होंडाच्या २०१८ च्या गोल्डविंग मोटरसायकलला फोन गाडीच्या पडद्यावर आणणारं कारप्ले मिळालं, पण पडदा स्पर्शाचा नाही, सगळं बटणांवर. रॉयल एनफिल्डने २०२० मध्ये मिटिओर ३५० वर 'ट्रिपर' नावाची छोटी गोल तबकडी दिली. तिच्यात नकाशा नाही. एक बाण आणि वळण किती मीटरवर आहे तो आकडा, बस. लोकांनी नावं ठेवली, की एवढ्या पैशांत नकाशासुद्धा नाही. मला ती या सगळ्या पसाऱ्यातली सगळ्यात शहाणी वस्तू वाटते. नकाशा वाचायचा असतो; बाण नुसता दिसतो.

'मग आम्ही बघत नाही, नुसतं बोलतो' हा पुढचा बचाव. फोनवरचं ते वाक्य सगळ्यांच्या ओळखीचं आहे: "गाडीवर आहे, बोल." हेल्मेट आणि गालाच्या मध्ये फोन खुपसलेला, किंवा मान वाकडी करून खांद्यात धरलेला. वाकड्या मानेला एका बाजूचा आरसा दिसत नाही, आणि खुपसलेल्या फोनमुळे हेल्मेट सैल बसतं; पडलोच तर डोक्याला वाचवणाऱ्या वस्तूच्या आत एक कडक वस्तू आपणच नेऊन ठेवलेली असते. ब्लूटूथवाल्यांना या दोन्हींचा त्रास नाही, म्हणून ते निर्धास्त असतात. त्यांच्यासाठी दोन अभ्यास. कॅनडात रेडेलमायर आणि टिबशिरानी यांनी मोटारचालकांचे फोनचे तपशील अपघातांशी ताडून पाहिले आणि १९९७ मध्ये 'न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन'मध्ये लिहिलं, की फोनवर असताना धडकेचा धोका सुमारे चौपट होतो, आणि हात मोकळे असण्याने त्यात फरक आढळत नाही. युटा विद्यापीठातल्या डेव्हिड स्ट्रेयरने २००६ मध्ये सिम्युलेटरवर फोनवर बोलणारे आणि दारू प्यायलेले चालक यांची तुलना केली. दारूचं प्रमाण १०० मिलिलीटर रक्तात ८० मिलिग्रॅम. आपल्याकडे कायद्याची मर्यादा ३० आहे. ब्रेक लावायला उशीर बोलणाऱ्यांनीच केला, हातात फोन असो वा नसो. त्याच गटाच्या इतर प्रयोगांत दिसलं, की बोलणाऱ्यांची नजर एखाद्या वस्तूवर पडूनही नंतर ती त्यांना ओळखता येत नाही. डोळा पाहत होता. मन पलीकडच्या माणसाच्या स्वयंपाकघरात किंवा ऑफिसात होतं.

मागे बसलेल्याशी बोलणं असं नसतं. समोर ट्रक आडवा आला की तोही बघतो आणि वाक्य अर्ध्यावर सोडतो, क्वचित "अरे जपून" म्हणतो. फोनवरच्या माणसाला ट्रक दिसत नाही. तो विचारत राहतो, "ऐकतोयस ना?"

सिग्नलला फोन काढणाऱ्यांचं काय? गाडी तर उभी आहे. ब्रिटनने मार्च २०२२ मध्ये कायदा कडक केला, त्यात लाल दिव्याला उभं असतानाही फोन हातात घेणं गुन्हा ठरतं. हे मला आधी जाचक वाटलं होतं. मग स्ट्रेयरच्याच गटाने अमेरिकेतल्या एएए फाउंडेशनसाठी २०१५ मध्ये केलेलं मोजमाप वाचलं: बोलून चालवायच्या काही यंत्रणांशी बोलून झाल्यावरही चालकाचं लक्ष पूर्ण ताळ्यावर यायला २७ सेकंदांपर्यंत वेळ लागतो. ताशी ४० च्या वेगाने तेवढ्यात ३०० मीटर अंतर कापलं जातं. साहेबांचा चिडका मेसेज सिग्नलला वाचून फोन खिशात टाकला, हिरवा लागला, तरी पुढच्या चौकापर्यंत गाडीवर मन नसतं.

हे सगळं ज्यांना सांगून उपयोग नाही असा एक मोठा वर्ग रस्त्यावर आहे: घरोघरी जेवण आणि किराणा पोचवणारी मुलं. त्यांना फोन बंद ठेवा म्हणणं म्हणजे दुकान बंद ठेवा म्हणण्यासारखं आहे. पत्ता फोनवर, ऑर्डर फोनवर, ग्राहकाचा 'वॉचमनकडे ठेवा' हा निरोप फोनवर, आणि नवी ऑर्डर घ्यायची की नाही हे ठरवायला मोजके सेकंद. चालत्या गाडीवर ती टिंग वाजली की डावा अंगठा पुढे जाणारच. मी त्या जागी असतो तर माझाही गेला असता. इथे शहाणपण ॲप लिहिणाऱ्याकडून यायला हवं. सर्वसाधारण फोनची अडचण अशी, की ताशी ४० ने जाणारा माणूस बसमध्ये बसलाय की स्कूटर चालवतोय हे त्याला नीट ओळखता येत नाही. या ॲपची तशी अडचण नाही. मुलगा दुचाकीवर आहे हे त्याने नोंदणीच्या वेळीच लिहून घेतलेलं असतं, आणि गाडीचा वेग जीपीएसवर क्षणोक्षणी दिसत असतो. गाडी थांबेपर्यंत टिंग रोखून धरणं आणि थांबल्यावर उत्तराला पुरेसा वेळ देणं हे तंत्राच्या दृष्टीने अवघड नाही. ते होत नाही याचं कारण घाईच्या हिशेबात आहे.

कायदा आपल्याकडे आहे. मोटार वाहन कायद्याच्या १८४ व्या कलमात २०१९ च्या दुरुस्तीने हातातल्या फोनचा वापर धोकादायक वाहनचालनात घातला. पहिल्या गुन्ह्याला १,००० ते ५,००० रुपये दंड किंवा ६ महिने ते १ वर्ष कैद, किंवा दोन्ही. २०२० मध्ये नियमांत आणखी एक वाक्य आलं, की असं उपकरण फक्त रस्ता शोधण्यासाठी आणि चालकाची एकाग्रता भंगणार नाही अशा रीतीने वापरता येईल. एकाग्रता भंगली की नाही हे चौकातला हवालदार कसं ठरवणार, हा प्रश्न नियम करणाऱ्यांनी चौकातल्या हवालदारावरच सोडला आहे.

आकडेवारीत हा सगळा प्रकार फारसा दिसत नाही. २०२२ मध्ये देशात रस्त्यांवर १,६८,४९१ माणसं गेली. त्यांतली ७४,८९७ दुचाकीवरची होती. एकूण मृत्यूंपैकी फोनच्या वापराच्या रकान्यात मात्र दोन टक्क्यांच्या आसपासच पडले. पंचनाम्यात वेग लिहिणं सोपं असतं, कारण रस्त्यावर खुणा असतात. फोन पडतो, फुटतो, कुणीतरी उचलून नातेवाइकांकडे देतं, आणि तो त्या क्षणी हातात होता की खिशात, हे सांगायला बऱ्याचदा कुणी उरत नाही.

करण्यासारखं आहे ते साधंच. रस्ता निघण्यापूर्वी लावून घ्यावा आणि एकदा तोंडपाठ करावा. पुढची दोन वळणं डोक्यात असली तरी पुरतं. सूचना ऐकायच्या तर आवाज बेताचा ठेवून ऐकाव्यात. 'दोनशे मीटरवर डावीकडे' या वाक्याला उत्तर द्यावं लागत नाही, म्हणून संभाषणाइतकं ते मन अडकवत नाही. वळण चुकलं तर चुकू द्यावं, पुढे वळता येतं. मागे कुणी बसलं असेल तर फोन त्याच्या हातात द्यावा. याहून चांगला नॅव्हिगेटर अजून निघालेला नाही. फोन घ्यावाच लागला तर गाडी कडेला घेऊन, स्टँडवर लावून.

आणि उरलेला अर्धा उपाय गाडीवर नसलेल्यांच्या हातात आहे. दुचाकीवरचे फोन पुष्कळदा घरच्यांचेच असतात, 'कुठे पोचलास' आणि 'येताना कोथिंबीर आण' असे. पलीकडून वारा किंवा हॉर्न ऐकू आला की विषय काढू नका, 'गाडी बाजूला घे' असंही सांगत बसू नका. "पोचल्यावर कर" म्हणा आणि फोन तुम्हीच ठेवा.